वेगळ्या कंपनीचं कार्ड

"…पण भंते, लॅपटॉपमधलं वायफाय कार्ड एका कंपनीचं, राउटर दुसऱ्या कंपनीचा. यांचं जुळणार कसं?"

संघपाल रामटेके पुण्यात नेटवर्क इंजिनियर. श्रामणेर, म्हणजे नवशिका भिक्खू, होण्याची दीक्षा घ्यायला भद्रावतीजवळच्या विहारात आला होता. येताना तिथल्या अभ्यासिकेसाठी महागडा राउटर घेऊन आला. आणि अभ्यासिकेतल्या जुन्या लॅपटॉपना तो राउटर दिसायलाच तयार नव्हता.

"भंगारात काढा हे. सगळं एकाच कंपनीचं घेऊ."

भंते धम्मसार खिडकीशी चिवराची, भिक्खूच्या वस्त्राची, घडी घालत होते.

"पहिलेचा राउटर कोणत्या कंपनीचा होता?"

"तो तिसऱ्याच कंपनीचा."

"त्याच्यावर चालत होते हे?"

"…हो."

भंते घडी घालत राहिले.

संघपालने राउटरची सेटिंग उघडली आणि त्याचा चेहराच उतरला. वेग कमी होऊ नये म्हणून फक्त नव्या धाटणीच्या कार्डांनाच आत घ्यायचं, असं त्यानेच ठरवून ठेवलं होतं. सकाळी, मोठ्या ऐटीत. त्याने ते बदललं. जुने लॅपटॉप एकेक करून जोडले गेले.

ओशाळून त्याने विषय बदलला.

"उद्याच्या दीक्षेचं कसं, भंते?"

"मायबापाच्या परवानगीशिवाय चिवर देता येत नाही. तुले माहीत आहे."

"आई नाही. आणि बाबांशी मी बोलत नाही, कित्येक वर्षं झाली. त्यांची तऱ्हा वेगळी, माझी वेगळी. पण दीक्षेशिवाय मी परत जाणार नाही."

"परवानगी भेटली."

संघपाल दचकला. "त्यांना विचारलं कोणी?"

"कोणीच नाही. ते सोताच चिवर मागाले आले. म्हणाले, पोराले आधी द्या, मले मागून."

संघपाल सुन्न झाला. ज्याला चिवर आधी, तो थोरला; मागून आलेल्याने त्याला वाकून वंदन करायचं, मग वय काही का असेना. संघाचा हा नियम त्याला पक्का ठाऊक होता.

"म्हणजे बाबा… माझ्यापुढे वाकणार?"

भंतेंनी घडी बाजूला ठेवली.

"त्यांना नियम माहीत नसेल, भंते."

"मी समजावून सांगितला. हासले."

इतकी वर्षं ज्या माणसाला संघपालने एक फोन केला नव्हता, तो माणूस हसला होता. या गोष्टीची त्याला चक्क भीती वाटली.

"मला मागे ठेवा, भंते. बाबांना आधी द्या. पाया पडतो तुमच्या."

तो खरंच वाकला. भंतेंनी पाय मागे घेतले.

"हे मले कायले सांगतो? ते बाहेर चपला काढून राह्यले."