धाकू मेस्ताचा हातभर साकव

फार वर्षांपूर्वी, आमच्या व्हाळात, त्या मोठ्या ओढ्यात, मगरी होत्या आणि माणसं त्यांना नावानं हाका मारीत, तेव्हा गावात धाकू मेस्त नावाचा सुतार राहायचा. व्हाळावरचा लाकडी पूल, म्हणजे साकव, दरसाल पावसाआधी मेस्तांनीच बांधायचा. धाकूच्या बापानं बांधला, पहिलं पाऊल स्वतः टाकलं, आणि साकव त्याला घेऊनच गेला.

पुढच्या साली धाकूची पाळी आली. त्याची सुंदर नावाची लेक पलीकडच्या गावी दिलेली. भर पावसात, पहिल्या बाळंतपणाला, ती याच साकवावरून माहेरी येणार होती.

धाकूनं आधी अंगणात हातभर साकव बांधला. तेच लाकूड, तोच सुंभ. आठ दिवस पाण्यात भिजवला आणि मोडेपर्यंत वर चिरे रचले. मग दुसरा बांधला. मग तिसरा.

"मोडूकच बांधतंस, तर बांधतंस कित्याक रे?" गावचे प्रमुख, अगडबंब गावकार ओरडले. "अपशकुन मेलो!"

"अंगणात मोडलो तर चिरे पडतले, गावकारानू. व्हाळात मोडलो तर माझा चेडू पडतला."

असे सहा मोडले, असं म्हणतात. आणि एकही मध्ये मोडला नाही! पिढ्यानपिढ्या मेस्त मधलं लाकूड जाड घेत आले. सुटत होता तो काठाशी, ओला सुंभ घसरायचा तिथं. बाप कुठं पडला, ते धाकूला त्या दिवशी कळलं. काठाकडचा तो सुटलेला तुकडा मांडीवर घेऊन बसून राहिला.

सातव्याला त्यानं सुंभासाठी खाच पाडली. चिरे संपले, तरी मोडेना. वर म्हैस चढवली. कशी मावली, ते म्हशीला विचारा. ती रवंथ करीत राहिली.

"झाला तर!" लोक म्हणाले.

"खंय मोडता, ता अजून कळाक नाय," धाकू म्हणाला आणि गावकारांपुढं हात जोडले, "जरा म्हशीर बसतास?"

गावकार बसले. काडकन आवाज झाला! धाकू आयुष्यात तेवढाच एकदा नाचला, असं म्हणतात. मोडलं तिथं त्यानं दुप्पट वेढे घेतले आणि मगच खरा साकव उभारला.

सुंदर आली तेव्हा व्हाळ लाल होऊन फुगला होता. ती मध्यावर असताना वाहत आलेला अख्खा वड साकवावर आदळला. साकव धनुष्यासारखा वाकला आणि पुन्हा सरळ झाला. व्हाळानंही घटकाभर थांबून काठाकाठानं कच्चा सांधा चाचपला, म्हणे, पण सापडला नाही. तिसऱ्या दिवशी धाकू आजोबा झाला.

आजही तिथं आधी हातभर साकव होतो. गावातल्या सगळ्यात जाड्या माणसाला त्यावर बसायचा मान असतो. मोडला की सगळे ओरडतात, "धाकू, मोडलो रे!"

आणि पलीकडच्या काठावरून गावची कुणी सासुरवाशीण ओरडते, "मगे आता बांधा!"