सरकारांच्या मोटारीचा रंग

"रंग! सगळा दोष त्या रंगाचा आहे!" निवळगडचे हणमंतराव सरकार भर दरबारात गरजले.

गरजणारच! विलायतेहून एवढ्या हौसेने मोटार आणवली, आणि वर्षभरात तिने निम्मा गाव लोळवला. पहिल्यांदा ती काळी होती. तिने तेलिणीचा बुधला फोडला. दिवाणसाहेब म्हणाले, "काळी मोटार तिन्हीसांजेला दिसत नाही, सरकार!" मोटार पांढरी झाली आणि तिने भर दुपारी जोशीबुवांना करवंदीच्या जाळीत नेऊन बसवले. दिवाणसाहेब म्हणाले, "पांढरी धुळीत मिसळते, सरकार!" मग ती लालभडक झाली. त्या लाल मोटारीने काल खुद्द पाटलांचा पाय मोडला. आता लाल रंगाला काय नाव ठेवावे, हे दिवाणसाहेबांनाही सुचेना. म्हणून त्यांनी रंगाऱ्यालाच नाव ठेवले.

"रखमाजी जिनगराचा हातच अपशकुनी दिसतो, सरकार!"

रखमाजीच्या घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या राजवाड्याच्या पालख्या आणि अंबाऱ्या रंगवल्या होत्या. बिचारा कोपऱ्यात हात जोडून उभा होता.

"ऐक, जिनगरा!" सरकार म्हणाले. "देवीच्या जत्रेपर्यंत मोटारीला असा रंग दे, की ती कुणालाही धडकणार नाही. जमलं नाही, तर बिऱ्हाड उचलायचं आणि संस्थानाबाहेर व्हायचं!"

रखमाजी घरी आला आणि डोक्याला हात लावून बसला. त्याची लेक अंबू खलात पिवडीचा पिवळा रंग घोटत होती. तिने सगळे ऐकून घेतले, आणि विचारले काय, तर म्हशीचे!

"आबा, मोटारीखाली म्हस सापडली का वं कधी?"

"म्हस? न्हाई बा."

"शेळी? गाढव?"

"न्हाई गं. माणसंच तेवढी सापडली. मी हितं देशोधडीला लागाय निघालो आन् तुला गाढवाचं पडलंय!"

"मग झालं तर!" अंबू हसली. "उगं रडू नगा. आपलं घर कुठं जात न्हाई."

दुसऱ्या दिवशी ती राजवाड्यावर हजर झाली.

"सरकार, रंग मी देते. पर रंग पुरा हुईस्तवर कुणी मोटार बघायची न्हाई. आन् पैला मान वाघजाईचा. मुखवटा बसवून मोटार वाड्याम्होरं यील, तवा सरकारांनी रस्त्यात हुभं राहून रीतीपरमानं मुजरा करायचा."

"आमच्या देवीला मुजरा कसा करायचा, ते तू आम्हाला शिकवणार?"

"छ्या! माझी काय टाप? सरकारांच्या आज्यांनीच सगळ्या गावाला शिकिवलाय की!"

सरकारांनी मिशीला पीळ दिला आणि मान डोलावली.

जत्रेचा दिवस उजाडला. सरकार जरीचा फेटा बांधून रस्त्याच्या मधोमध उभे राहिले. वाड्यापुढचा रस्ता तो केवढा! बैलगाडी गेली की कुत्र्याला जागा उरत नाही. वळणावरून फटफट आवाज आला, देवीचा मुखवटा दिसला, आणि सरकार मुजऱ्याला वाकले. रीत मोठी कडक होती. मुजरा समोरूनच करायचा. तीन वेळा करायचा. नजर स्वतःच्या पायावर ठेवायची, आणि तिसरा मुजरा पुरा होईपर्यंत जागचे हलायचे नाही. बाजूला सरकणे म्हणजे पाठ फिरवणे!

एक मुजरा झाला. दुसरा झाला. फटफट जवळ आली. तिसऱ्याला सरकार खाली वाकले आणि फेट्याला काहीतरी टक्कन लागले. फेटा धुळीत!

"कोण आहे रे तो! कुणाच्या बापाची मोटार आहे?"

"सरकारांचीच हाय जी!" मोटारीतून अंबू म्हणाली. शेजारी ड्रायव्हर उस्मानभाईने ब्रेकवर दोन्ही पाय रोवले होते आणि डोळे गच्च मिटले होते.

"पोरी! तुझा रंग फसला! मोटार मलाच धडकली!"

"व्हय की. पर सरकार, कसला रंग हुता वं?"

"रंग? मी मुजऱ्यात होतो. मला कुठला दिसणार रंग!"

बोलता बोलता सरकारांनी मान वर केली आणि त्यांचा आ वासला. मोटार पोळ्याच्या बैलासारखी नटली होती! पोपटी अंगावर पिवळे ठिपके, दिव्यांना बेगड, पुढे दोन रंगवलेली शिंगेसुद्धा! आंधळ्यालाही दिसावी अशी मोटार हातभर अंतरावर, आणि ती सरकारांना दिसली नव्हती.

"अंधारात काळ्यापरास पांढरी बरी, दिवाणसाहेबांचं त्येवढं खरं," अंबू म्हणाली. "पर ज्येची नजर सोताच्या पायावर, त्येला काळी काय आन् पांढरी काय! आज्यांच्या वक्ताला हत्ती हुता. त्यो मानसाला वळसा घालून जायाचा. मोटारीला कुठली आलीय तेवढी अक्कल? तेलीणबाई, जोशीबुवा, पाटील, समदी सरकारांच्या सवारीला मुजरा करताना घावली. म्हस न्हाई घावली. म्हस मुजरा करत न्हाई!"

दिवाणसाहेब स्वतःच्या पायांकडे बघू लागले. रखमाजीने तर देवीचा धावा सुरू केला.

आणि सरकार हसले! असे हसले, की पोट धरून मोटारीच्या शिंगालाच टेकले.

"दवंडी पिटवा!" ते म्हणाले. "मोटार दिसली की आधी रस्त्याच्या कडेला व्हायचं! मुजरा नंतर, आणि तोही मान वर करून! जिनगरा, आजपासून वाड्याचं सगळं रंगकाम तुझ्या घराण्याकडे." त्यांनी हातातले सोन्याचे कडे काढून अंबूच्या हातात घातले. "आता तूच सांग, पोरी. मोटारीला कायमचा रंग कोणता देऊ?"

"कंचाबी द्या, सरकार," अंबू म्हणाली. "पर आदुगर म्हशींना इचारा. आजवर मोटारीकडं बघिटलंय ते त्यांनीच!"

सरकारांचा धुळीतून उचलून नुकताच डोक्यावर ठेवलेला फेटा हसता हसता पुन्हा खाली पडला.