तुळाजी कुंभाराची पाच कुंडं

फार फार वर्षांपूर्वी, हरणी नदी भर उन्हाळ्यातही आटत नसे, तेव्हाची ही गोष्ट. नदीच्या काठी वरच्या अंगाला उंबरवेढे आणि कोसभर खाली भोकरी. दोन्ही गावं एकच पाणी पीत. फरक एवढाच, की उंबरवेढे आधी पिई आणि भोकरी नंतर. वरच्याला खालचा दिसत नाही, हे माळ्यावर बसलेल्या माणसाइतकंच नदीकाठच्या गावालाही लागू आहे.

उंबरवेढ्यात तुळाजी नावाचा कुंभार होता. त्याच्या माठातलं पाणी चैत्रातसुद्धा दातांना झोंबायचं. असं म्हणतात, की तो चाकावर मातीचा गोळा ठेवायचा आणि माती त्यालाच विचारायची, आज काय होऊ?

एका आषाढात गावात ढाळ-वांत्यांची पटकी आली. तुळाजीची बायको भागू आणि दोन मुलगे एकाच आठवड्यात गेले. उरली सात वर्षांची ठकू. तुळाजीनं तिला छातीशी धरलं आणि ठरवलं, की ही एवढी एक काही झालं तरी जाऊ द्यायची नाही.

पटकी आली की त्या काळी गावापाशी एकच उपाय असे, मरीआईचा गाडा. लाकडी छोट्या गाड्यावर देवी बसवायची, लिंबाचे डहाळे, बांगड्या, दहीभात ठेवायचा, आणि हलगीच्या तालावर गाडा ओढत शिवेच्या दगडापर्यंत न्यायचा. तिथून तो पलीकडे लोटून द्यायचा आणि मागे वळून न बघता घरी यायचं. शिवेपलीकडे भोकरी. भोकरीचे लोक तोच गाडा पुढच्या गावाच्या शिवेवर लोटत. रोग कुठे गेला? पुढे. पुढे कोण आहे? ते पुढच्यांनी बघावं. गाव करील ते राव काय करील, असं म्हणत त्या वर्षी तुळाजीनंही गाड्याला खांदा लावला.

पण कुंभाराचं डोकं ओल्या मातीत काम करणारं. पाणी कुठून येतं आणि कुठे मुरतं, हे त्याला बघायची सवय. तेव्हा घराघरातल्या मोरीचं पाणी सरळ गल्लीत यायचं, आजाऱ्याची धडुती धुतलेलंही त्यातच, आणि गल्लीतून वाहत चावडीपुढच्या आडाशी येऊन साचायचं. नदीच्या झऱ्यानं भरणाऱ्या त्या आडाचंच पाणी सारं गाव पीत होतं. तुळाजीनं एके सकाळी माठ रंगवायची गेरू मूठभर घेऊन आपल्या मोरीत ओतली. दुसऱ्या दिवशी आडातून पोहरा वर आला तो तांबूस. तुळाजीनं पोहरा तिथेच उपडा केला. भागूला देवीनं नेलं नव्हतं, तिच्याच मोरीनं नेलं होतं.

मग तीन वर्षं त्यानं माठ केले नाहीत. खापरी नळ केले. एका टोकाला रुंद, दुसऱ्याला निमुळते, एकात एक बसणारे. प्रत्येक नळाच्या तोंडाखाली ओल्या मातीत अंगठा दाबायचा, ती त्याची खूण. उतार बघायला त्याच्याजवळ पाण्यानं भरलेली परात होती. परातीतलं पाणी खोटं बोलत नाही, असं तो म्हणे. दर घराच्या मोरीपासून नळ निघाले, गल्लीखालून एकत्र आले आणि गावाबाहेर पडले. असं म्हणतात, की नऊ हजार नळ बसले आणि पाण्याचा एक थेंबसुद्धा मध्ये कुठे पाझरला नाही.

आता हे पाणी सोडायचं कुठे? कोणी विचारलंच नाही. शिवेच्या दगडाशी, दुसरं कुठे? जिथे गाडा लोटायचा तिथेच घाण सोडायची, हे उंबरवेढ्याच्या हाडीमासी भिनलेलं. एवढा शहाणा तुळाजी, पण त्यालाही दुसरा विचार शिवला नाही. नळाचं शेवटचं तोंड त्यानं दगडापलीकडे नदीत काढलं.

गाव लखलखीत झालं. आडाचं पाणी आरशासारखं झालं. दहा वर्षं उंबरवेढ्यात पटकीनं एक माणूस दगावलं नाही. पाटलांनी तुळाजीला फेटा बांधला. ठकू मोठी झाली, तिचं लग्न झालं. तुळाजीनं मुद्दाम जवळचं स्थळ बघितलं. न्याहारी करून निघालं तर ऊन तापायच्या आत लेकीच्या दारात, असं भोकरी गाव.

एकदा नागपंचमीला ठकू माहेरी आली. कडेवर तिची सगुणा होती, जेमतेम वर्षाची. बोलता बोलता ठकू म्हणाली, "आबा, आमच्याकडचं पानी अलीकडं जड लागतंय. पोटात बसतं." तुळाजी हसला. सासरचं पाणी लेकीला जडच लागतं, असं म्हणाला आणि तिच्या ओच्यात निवळीच्या बिया घातल्या. माठाला आतून बी घासायची, गाळ खाली बसतो, ही कुंभाराघरची साधी युक्ती. ठकूनं बिया पदराला गाठ मारून नेल्या.

पुढच्या आषाढात भोकरीत पटकी आली. उंबरवेढ्यात कोणाकोणाला नुसते ढाळ झाले, दगावलं कोणी नाही. तुळाजी धावत गेला तेव्हा ठकू पडवीत पडली होती. डोळे खोल गेले होते, हातापायांत गोळे येत होते. सगुणाला सासूनं आत धरून ठेवलं होतं. बापाला बघून ठकूला वाटलं, आता हा रागावणार. ती म्हणाली, "रोज निवळी घासत व्हते, आबा. एक दिस बी चुकले न्हाई."

गुरं घरी यायच्या वेळेला ती गेली.

अग्नी देऊन तुळाजी नदीत उतरला. अंघोळ करताना पायाखाली खापराचा तुकडा लागला. भोकरीच्या बायका पाणवठ्यावर टाचा घासायला ठेवत तसला, घासून गुळगुळीत झालेला. त्यानं सहज उचलून उलटा केला. खाली अंगठ्याचा ठसा होता. त्यानं आपला अंगठा त्यावर ठेवला, तो नेमका बसला.

वरचा एखादा नळ पुरात फुटला होता आणि नदीनं तुकडा इथवर आणला होता. आणि नदीनं एवढं खापर आणलं, तर बाकीचं काय मागे ठेवलं असेल? तुळाजी कमरेइतक्या पाण्यात उभा होता आणि दहा वर्षांची उंबरवेढ्याची सगळी धुणी, सगळी आजारपणं, सगळ्या मोऱ्या त्याच्या अंगावरून वाहत होत्या.

तो ओल्या धोतरानं भोकरीच्या चावडीवर गेला आणि सगळ्या गावापुढे सांगितलं, की ठकूला पटकीनं नाही, माझ्या नळानं मारलं. कोणी सांगितलं होतं सांगायला? पण त्याला पोटात ठेवता येईना. त्याचे व्याही हैबती उठून उभे राहिले. "इवाई," ते म्हणाले, "आज तुमच्यावर हात टाकत न्हाई, मढ्याचं सुतक हाय म्हनून. पर पुन्हा या गावात पाय घालायचा न्हाई. अन् पोरीला आमच्या तोंड दावायचं न्हाई."

तुळाजीनं मान खाली घातली. ज्या पाण्यानं आई गेली तेच पाणी आता सगुणा पिणार, एवढंच त्याला दिसत होतं.

तो शिवेवर आला आणि नळाच्या तोंडात चिखल ठासून त्यानं ते बुजवलं. दोन दिवसांत उंबरवेढ्याच्या मोऱ्या उलट्या भरल्या. पाटील तणतणत आले आणि नळ तुंबलाय म्हणाले.

"तुंबला न्हाई, पाटील. म्या बुजवलाय."

"गावाची घान गावातच ठिवायची म्हंतोस?"

"गावाची हाय, तर मग कुनाच्यात ठिवायची?"

जुन्या माणसाला उत्तर सुचलं नाही की तो जमीन देतो. गावाखालच्या लवणातली पडीक त्यांनी तुळाजीला दिली आणि काय करायचं ते तिथे कर म्हणाले. तो खणायला लागल्यावर गाव हसलं. कुंभाराची सून उकिरड्यावर येते म्हणतात, इथे तर कुंभारच येऊन बसला.

तुळाजीनं केलं ते साधंच होतं. कुंभार माती धुतो कशी? खड्ड्यात कालवतो, खडे बसू देतो, मग वरचं पाणी हळूच दुसऱ्या खड्ड्यात घेतो, तिथे आणखी बसू देतो. इतके दिवस त्याला माती हवी होती आणि तो पाणी टाकून देत होता. आता त्याला पाणी हवं होतं. त्यानं एकाखाली एक पाच कुंडं खणली. पहिल्यात गाळ बसायचा. दुसऱ्यात वाळू, खडी आणि त्याच्या भट्टीतला कोळसा. तिसऱ्यात कर्दळ आणि अळू, चौथ्यात दाट लव्हाळा. पाचवं कुंड उघडं, त्यात नुसतं ऊन आणि मासे. पाण्याला सरळ जाता येऊ नये म्हणून मध्ये आडवेतिडवे बांध घातले. घाईनं गेलेलं पाणी काही शिकत नाही, असं तो म्हणे. पहिल्या कुंडाचा गाळ वाळवून त्यानं लोकांच्या परड्यात टाकला, तेव्हा एवढे भोपळे आले, की एका वेलाखाली मांडव मोडला. मग हसणं थांबलं.

पाचव्या कुंडाला लाकडी फळी होती. ती उचलली की पाणी नदीत. ती उचलण्याआधी तुळाजी रोज त्या पाण्याची एक ओंजळ प्यायचा. जे मला पिववत नाही ते खाली सोडायचं नाही, हा त्याचा नेम. पहिल्या वर्षी तो दोनदा आजारी पडला. दोन्ही वेळा फळी बंद ठेवून त्यानं लव्हाळ्याचं कुंड लांबवलं.

वर्षं गेली. सगुणा शेळ्या घेऊन शिवेपर्यंत यायला लागली. चेहरा ठकूचा, चालणंही ठकूचं. तुळाजी पाचव्या कुंडाच्या बांधावरून विचारायचा, "पानी निवळलंय. सोडू का?" पोरीला घरून ताकीद होती. ती उत्तर द्यायची नाही, शेळ्या वळवून निघून जायची. तुळाजी ती दिसेनाशी होईपर्यंत थांबायचा आणि मग फळी उचलायचा. रोज विचारायचा, रोज थांबायचा.

मग एका आषाढात पाहुण्याबरोबर पटकी उंबरवेढ्यात आली. दोन माणसं पडली आणि लोकांनी जुना गाडा बाहेर काढला. हलगी वाजली. गाडा कुंडांपाशी आला तेव्हा तुळाजी वाटेत उभा होता. पाटील बाजूला हो म्हणाले.

"पुढं माझी नात हाय," तुळाजी म्हणाला. "हितंच थांबवा."

असं म्हणतात, की त्या क्षणी गाड्याची चाकं कोरड्या जमिनीत आसापर्यंत रुतली. वीस गड्यांनी जोर केला तरी गाडा तसूभर पुढे गेला नाही. मागे ओढला तेव्हा मात्र पोराच्या खेळण्यासारखा आला. देवीलाही पुढे जायचं नव्हतं, असं म्हातारी माणसं म्हणतात.

त्या दिवशीही तुळाजीनं नेम मोडला नाही. आजाऱ्यांच्या घरचं पाणी कुंडांत आलेलं होतं, पावसानं सगळं घुसळून निघालं होतं, आणि हे त्याला ठाऊक होतं. पण चाखल्याशिवाय कळणार कसं? त्यानं ओंजळ भरली आणि प्याला. दुपारपर्यंत त्याला कळलं. तो फळीला पाठ लावून बसला आणि सांगितलं, की पाणी निवळेपर्यंत कोणी ही उचलायची नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी लोक आले, तेव्हा तो तसाच बसलेला होता, पण त्यात तुळाजी नव्हता.

त्याला उचलून नेलं. पाऊस पडत राहिला, कुंड भरत गेलं. असं म्हणतात, की पाणी बांधाच्या हातभर वर चढलं, पण एक थेंब बाहेर सांडला नाही. भोकरीत त्या वर्षी एकही माणूस दगावलं नाही. नवव्या दिवशी पाणी इतकं निवळलं, की तळाचे गोटे मोजता यावेत. आता सोडायला हरकत नव्हती, पण फळी हलेना. पाटलांनी ओढली, पहिलवानांनी ओढली.

तेव्हा शिवेपलीकडून हैबती येताना दिसले. त्यांनी सगुणाचा हात धरला होता. बांधावर आल्यावर ते पोरीला म्हणाले, "तुला रोज इचारत व्हता न्हवं? सांग आता."

सगुणानं पाण्याकडे बघितलं. तुळाजी बसायचा त्या जागेकडे बघितलं. आणि जन्मात पहिल्यांदा ती त्याच्याशी बोलली.

"सोडा, आबा."

फळी आपोआप वर आली, असं म्हणतात.

आजही उंबरवेढ्याचा गाडा शिवेवर जात नाही. आषाढात तो पाचव्या कुंडापर्यंत येतो, तिथे दहीभात होतो, आणि देवी परत आपल्या देवळात जाते. त्या दिवशी गावातला एकजण कुंडाची ओंजळ पितो. ज्याची लेक किंवा बहीण खाली भोकरीत दिली आहे, त्याचाच तो मान. पिऊन तो शिवेपलीकडे उभ्या असलेल्या भोकरीच्या बायकांना विचारतो, "पानी निवळलंय. सोडू का?" एखाद्या वर्षी पाणी गढूळ दिसलं तर त्या गप्प राहतात. मग सारं उंबरवेढे फावडी घेऊन कुंडांत उतरतं आणि फळी बंद राहते.

पाणी नितळ असलं, की पलीकडून उत्तर येतं. विचारणारा वीस वर्षांचा पोरगा असो, नाहीतर साठीचा म्हातारा, उत्तर देणारी त्याची आजी असो, नाहीतर नात. त्या सगळ्याजणी त्याला एकाच नावानं हाक मारतात.

"सोडा, आबा."