अत्तराचा वास उशिरा का पोचतो?

एकदा एका कनिष्ठ महाविद्यालयात, अकरावीच्या वर्गात, एका मुलीने प्रश्न विचारला आणि तिला खाली बसवण्यात आले. ही गोष्ट तिथून सुरू होते.

गाव तालुक्याचे, डोंगरपायथ्याचे. रसायनशास्त्र शिकवायला प्रल्हाद गुरव नावाचे तरुण शिक्षक तिथे नुकतेच रुजू झाले होते. ते त्याच महाविद्यालयाचे माजी विद्यार्थी. शिकवणे नेटके, फळ्यावरचे अक्षर सुरेख, आणि मुलेही त्यांना मानत. त्या दिवशी विषय होता वायूंच्या रेणूंचा. गुरव सर रंगात येऊन सांगत होते, "खोलीतली हवा आपल्याला स्वस्थ वाटते. पण तिचा एकेक रेणू सेकंदाला शेकडो मीटर धावत असतो. बंदुकीच्या गोळीशी शर्यत लावावी असा वेग!"

मधल्या बाकावरून रुबिना अत्तारने हात वर केला. तिच्या वडिलांचे बाजारपेठेत अत्तराचे दुकान होते. कॉलेज सुटले की ती तिथे बसायची.

"सर, मग अत्तराचे रेणूसुद्धा असेच धावत असतील ना?"

"अर्थात. ते बरेच जड, म्हणून वेग कमी. पण तरी सेकंदाला शंभर मीटरहून जास्त आहेच."

"मग सर, अब्बा आत गिऱ्हाईकाला खसाच्या अत्तराची बाटली उघडून दाखवतात, तेव्हा दाराशी बसलेल्या मला वास यायला इतका वेळ का लागतो? आमचं दुकान एवढंसं आहे. तुम्ही सांगता त्या वेगानं वास बाटली उघडल्या उघडल्या एसटी स्टँडवर पोचायला पाहिजे."

"पोचून गाडीत बसलापण असेल!" मागून निनाद ओरडला, आणि सारा वर्ग हसला.

गुरव सरही हसले. मग त्यांचा खडू हवेतच थांबला. हा वेग काढायचे सूत्र त्यांना तोंडपाठ होते. त्यावरची गणिते त्यांनी कितीतरी वेळा सोडवली होती. पण वेग इतका असेल तर वास सावकाश का यावा, हे त्यांच्या मनात कधी आलेच नव्हते. वर्ग त्यांच्याकडे पाहत होता.

"हे अभ्यासक्रमात नाही," ते म्हणाले. "परीक्षेत येणार नाही. बस खाली."

रुबिना बसली. त्यानंतर तिने हात वर केला नाही. तास नीट ऐकायची, सगळे उतरवून घ्यायची, पण विचारायची काही नाही. गुरव सरांना ते बोचत राहिले. त्यांनी घरातली पुस्तके उलटीपालटी केली. सूत्रे सापडली, उत्तर सापडले नाही. शेवटी एका रविवारी सकाळी ते आपल्या गुरूंकडे गेले.

ताम्हनकर सरांनी त्याच महाविद्यालयात उभे आयुष्य रसायनशास्त्र शिकवले होते. त्यांचे विद्यार्थी कारखान्यांत, औषधांच्या कंपन्यांत, परदेशातल्या प्रयोगशाळांत पसरलेले होते. गुरव सर गेले तेव्हा वृद्ध सर ओसरीवर बसून चष्म्याची सैल झालेली काडी दोऱ्याने बांधत होते. प्रश्न ऐकताच त्यांनी चष्मा बाजूला ठेवला.

"पुन्हा सांग. तिनं जसा विचारला तसाच सांग. एसटी स्टँडसकट."

गुरव सरांनी सांगितला. वृद्ध सरांचा चेहरा उजळला.

"पोरीनं हे स्वतःहून विचारलं?"

"हो सर. मला उत्तर येईना. तुम्ही सांगा, म्हणजे उद्या वर्गात सांगून टाकतो."

"बघू," ताम्हनकर सर म्हणाले. "या आठवड्यात तुमच्याकडे तो समारंभ आहे ना? त्या दिवशी तिला पुढच्या रांगेत बसव."

समारंभ त्यांच्याच सन्मानाचा होता. महाविद्यालयाने नवी प्रयोगशाळा बांधली होती आणि तिला ताम्हनकर सरांचे नाव द्यायचे ठरले होते. संस्थेचे अध्यक्ष दत्ताजीराव स्वतः सगळे पाहत होते. दूरदूरचे माजी विद्यार्थी आले. पालक आले. मांडव भरून गेला. शाल, श्रीफळ झाले आणि सत्कारमूर्ती बोलायला उभे राहिले.

"मला रसायनशास्त्रावर बोला असं सांगितलंय," ते म्हणाले. "या विषयावर आज माझ्यापेक्षा चांगलं बोलेल अशी एक विद्यार्थिनी इथं आहे. रुबिना, बाळ, वर ये. तू वर्गात जो प्रश्न विचारलास तो आम्हा सगळ्यांना विचार."

रुबिनाने घाबरून गुरव सरांकडे पाहिले. त्यांनी मान हलवून 'जा' अशी खूण केली. ती वर गेली.  तिने बाटली सांगितली, दुकानाचे दार सांगितले, रेणूंचा वेग सांगितला आणि विचारले, "मग वास उशिरा का पोचतो?"

या वेळी कोणी हसले नाही. तिच्या शेजारी ताम्हनकर सर हात जोडून उभे राहून ऐकत होते. पुढच्या खुर्च्यांवर मोठ्या कंपन्यांतले अधिकारी, औषध दुकानांचे मालक, प्राध्यापक बसले होते. ते एकमेकांकडे पाहू लागले.

अध्यक्ष कौतुकाने म्हणाले, "वा! आता सर, तुमच्याच तोंडून उत्तर ऐकू द्या."

ताम्हनकर सर म्हणाले, "अध्यक्षसाहेब, याचं उत्तर आज माझ्याकडून मिळणार नाही. इथं कोणाला द्यायचं असेल तर जरूर द्यावं."

 कोणीतरी खोकले. एक खुर्ची करकरली. आणि तिसऱ्या रांगेतून प्रल्हाद गुरव उभे राहिले.

"मला उत्तर माहीत नाही," ते म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते. "हा प्रश्न रुबिनानं मला वर्गात विचारला होता. मी तिला अभ्यासक्रमात नाही म्हणून गप्प केलं. ते कारण खरं नव्हतं. मला उत्तर येत नव्हतं, हे खरं कारण होतं."

ताम्हनकर सरांनी त्या दोघांना नमस्कार केला. "माझं भाषण झालं," असे म्हणून ते जागेवर जाऊन बसले.

समारंभ कसाबसा आटोपला. चहाच्या वेळी कुजबुज सुरू झाली. "वय झालं हो आता." "विसरले असतील." "एवढ्या साध्या प्रश्नाला अडावेत म्हणजे..." दत्ताजीराव तर स्पष्ट नाराज होते. प्रयोगशाळेला ज्यांचे नाव दिले त्यांनाच भर सभेत उत्तर येऊ नये, हे त्यांना अपमानास्पद वाटले. ताम्हनकर सरांच्या कानावर हे सगळे पडत होते. ते शांतपणे चहात बिस्किट बुडवून खात होते.

घरी सोडायला गुरव सर बरोबर निघाले. वाटेत त्यांना राहवेना.

"सर, तुम्हाला उत्तर येत होतं."

"येत होतं."

"मग का नाही सांगितलंत? लोक काय काय बोलले, ऐकलंत ना? तुमच्या सत्काराच्या दिवशी!"

ताम्हनकर सर रस्त्याच्या कडेला, सावलीत थांबले.

"प्रल्हाद, हा प्रश्न जुना आहे. वायूचे रेणू इतक्या वेगानं धावतात असं एका थोर शास्त्रज्ञानं मांडलं, तेव्हा दुसऱ्या एका विद्वानानं त्याला जवळजवळ हेच विचारलं होतं. वेग एवढा, तर खोलीत वास सावकाश का पसरतो? त्या शास्त्रज्ञापाशी तयार उत्तर नव्हतं. तो विचार करत बसला आणि त्यातून रेणूंविषयीचं ज्ञान एक पाऊल पुढं गेलं. मी हे वाचलं, म्हणून मला माहीत. या मुलीनं काही वाचलेलं नाही. ती दुकानाच्या दाराशी बसून त्या विद्वानाच्या शेजारी जाऊन पोचली. मी आज माईकवरून उत्तर सांगितलं असतं तर टाळ्या पडल्या असत्या, लोक म्हणाले असते, म्हातारा अजून तल्लख आहे. आणि तिचा प्रश्न तिथंच माझा होऊन गेला असता. तो तिचा आहे. उत्तरही तिच्याच हाताला लागू दे."

थोडे चालल्यावर ते पुन्हा म्हणाले, "आणि तुला उभं राहा असं मी सांगितलं नव्हतं. तू बसून राहिला असतास तर घरी गेल्यावर मी तुला उत्तर सांगून टाकलं असतं. आता सांगणार नाही. एवढ्या लोकांत उभं राहून माहीत नाही म्हणणारा माझा विद्यार्थी ते स्वतः शोधेल. मला आज फार अभिमान वाटला, प्रल्हाद."

दुसऱ्या दिवशी गुरव सरांनी फळ्यावर मोठ्या अक्षरांत प्रश्न लिहिला आणि त्याखाली लिहिले, 'रुबिना अत्तार'. मग ते मुलांकडे वळले. "याचं उत्तर आपण सगळे मिळून शोधू. मीही तुमच्यातलाच."

 एकदम चार जण बोलू लागले. कोणी म्हणाले बाटलीचे तोंड अरुंद असते म्हणून. कोणी म्हणाले नाकाला कळायलाच वेळ लागतो. निनाद म्हणाला, "वाटेत कुठंतरी अडकत असेल."

"वाटेत कशाला अडकेल?" रुबिना म्हणाली. "बाटली आणि मी, मध्ये काहीच नसतं." आणि बोलता बोलता ती थांबली. "नाही सर. असतं. हवा असते."

सगळे तिच्याकडे वळले.

"आणि हवेचेही रेणूच," ती सावकाश म्हणाली, जणू एकेक शब्द उचलून पाहत होती. "तेही धावतायत. म्हणजे अत्तराचा रेणू निघाला की लगेच कुणावर तरी आदळतो. दिशा बदलते. परत आदळतो, परत बदलते. धावतो भरपूर, सर, पण दाराकडे थोडा थोडाच सरकतो."

 गुरव सरांनी शाबासकी राखून ठेवली. "पटण्यासारखं आहे. पण खरं आहे हे कसं ओळखायचं?"

"मधली हवा काढून टाकली, तर तो लगेच पोचायला पाहिजे."

"आणि हवा नसताना तू नाकानं वास कसा घेणार?" निनादने विचारले. या वेळी त्याच्या बोलण्यात चेष्टा नव्हती.

रुबिनाने विचार केला. "मग डोळ्यांना दिसेल असा वायू घेऊ."

असा वायू गुरव सरांना माहीत होता. ब्रोमीनची वाफ लालसर तपकिरी असते, नुसत्या डोळ्यांनी दिसते. ती फार विषारी, म्हणून तयारीला वेळ लागला. जाड काचेच्या दोन उभ्या नळ्या, हवा ओढून घेणारा पंप, वाफ बाहेर नेणारे बंद कपाट, हातमोजे, चष्मे, सारे जमवले. आणि प्रयोगाच्या दिवशी त्यांनी ताम्हनकर सरांना, दत्ताजीरावांना आणि रुबिनाच्या वडिलांनाही बोलावले.

पहिल्या नळीत हवा तशीच ठेवली होती. तळाशी ब्रोमीन सोडला. तपकिरी रंग खाली साचला आणि इतका हळू वर चढू लागला, की मुले माना वाकडी करून पाहून थकली. मग दुसरी नळी. पंपाने तिच्यातली हवा काढून घेतली. गुरव सरांनी रुबिनाला विचारले, "काय होईल?"

"लगेच भरेल, सर." तिने ओठ घट्ट मिटून घेतले. चुकले तर सगळ्यांदेखत चुकणार होते.

सरांनी ब्रोमीन सोडला.

रंग वर चढताना कोणालाच दिसला नाही. नळी रिकामी होती आणि पापणी लवते न लवते तोच तळापासून टोकापर्यंत तपकिरी झाली होती. मुले अशी ओरडली की शेजारच्या वर्गातले धावत आले. रुबिना ओरडली नाही. तिने तोंडावर हात ठेवला होता आणि डोळे भरून आले होते.

"हे असं होणार, हे तू आधीच सांगितलं होतंस?" तिचे वडील शब्बीरभाई हळूच म्हणाले.

"हो अब्बा."

 ते तिच्या डोक्यावर हात ठेवून सगळ्यांकडे असे पाहत उभे राहिले, की दत्ताजीरावांनी पुढे होऊन त्यांचा हात हातात घेतला.

ताम्हनकर सर स्टूल ओढून बसले. "बाळ, आता मला समजावून सांग. पहिल्यापासून."

तिने समजावून सांगितले. ते मध्येच अडवत होते, शंका काढत होते. "मग पंखा लावला की वास लवकर का येतो?" असेही त्यांनी विचारले.

"तेव्हा सगळी हवाच चालायला लागते ना सर. अत्तर तिच्यासोबत येतं. एकेकट्यानं वाट काढावी लागत नाही."

वृद्ध सर मोठ्याने हसले. कितीतरी वर्षांत त्यांना असे हसताना कोणी पाहिले नव्हते.

मुले पांगल्यावर गुरव सर त्यांच्याजवळ आले. "सर, आता तरी अध्यक्षांना सांगतो. त्या दिवशी तुम्हाला उत्तर येत होतं, हे लोकांना कळायला हवं."

"कशाला?" ताम्हनकर सर उठत म्हणाले. "त्यांना एवढंच कळू दे, की त्या दिवशी ताम्हनकर जे सांगू शकला नाही, ते प्रल्हाद गुरवच्या वर्गानं करून दाखवलं. माझ्या नावाची प्रयोगशाळा आहे ही. तिच्याबद्दल याहून चांगलं काय बोललं जाईल?"

ते दाराबाहेर पडले. गुरव सर त्यांच्या पाठमोऱ्या ताठ मूर्तीकडे पाहत राहिले आणि गुरू म्हणजे काय, हे त्यांना त्या क्षणी उमगले. मागे प्रयोगशाळेत रुबिना आणि निनाद कसल्याशा नव्या शंकेवरून वाद घालत होते. ते आत गेले नाहीत. दाराशी उभे राहून ऐकत राहिले.

आपल्यापुढे कोणी प्रश्न घेऊन उभे राहिले, तर उत्तर देण्यापूर्वी तो प्रश्न कोणाचा आहे, एवढे आपण पाहावे.