हरणारा सोंगाड्या

डोंगरपायथ्याच्या एका गावी लोकांना हसवणाऱ्यांचे घर होते. पेरणी, काढणी ही कामे त्या घरालाही होती. परंतु सुगी संपली, की घरातील सारी माणसे तोंडाला रंग लावून गावोगाव तमाशा करीत हिंडत. आजोबा खळ्यावर चार पेंढ्या पसरून खेळ करीत असत. त्यांच्या मुलाने बैलगाडी घेतली आणि तमाशाचा फड दूरच्या जत्रांना जाऊ लागला. नातू हैबती याच्या काळात कनात आली, रंगमंच आला. सोंगाड्या मात्र घरचाच राहिला. बाहेरचा माणूस ढोलकी वाजवू शके, गाऊ शके. हसवण्याचे काम त्या घराने कधी परक्या हाती दिले नाही.

या घराची एक रीत होती. जत्रेच्या दुसऱ्या दिवशी उजेडात जो खेळ होतो, त्याला हजेरी म्हणतात. हजेरीत सोंगाड्या राजाचे सोंग घेऊन बढाया मारी, आणि प्रेक्षकांतून कोणीही उठून त्याला उत्तर देई. अशा वेळी सोंगाड्याने हरायचे, ही ती रीत. ती कोणी घालून दिली हे आता निश्चित सांगता येत नाही. मोडली कोणी, ते मात्र सर्वांना ठाऊक आहे.

करंजखोरे नावाच्या गावी दौलू नावाचा गवंडी राहत असे. हजेरीला तो पुढेच बसे आणि दरवर्षी हैबतीला उत्तर देण्यासाठी उभा राही. हैबती म्हणे, "आमच्या राज्यात उपाशी कोणी नाही." दौलू म्हणे, "म्हंजे तुमचा फड अजून राज्यात पोचलाच न्हाई म्हणायचा." सारी कनात हसे. हैबतीची वाचा बसे, तो डोक्याला हात लावी आणि बाहेर पडण्याची वाट शोधू लागे. ती जुगलबंदी पाहण्यासाठी शेजारच्या गावांतून बैलगाड्या येत.

पुढे घशाच्या दुखण्याने हैबतीचा आवाज गेला, आणि राजाचे सोंग त्याचा मुलगा केरबा याच्याकडे आले. केरबा हुशार होता. त्याची जीभ बापापेक्षा चपळ होती, निदान त्याला तसे वाटत असे. आबांना वयामुळे चटकन सुचत नाही, म्हणून ते हरतात, अशी त्याची प्रामाणिक समजूत होती. आपण सोंगाड्या झालो, की घराण्याची ही उणीव भरून काढायची, असे त्याने मनाशी ठरवले होते.

त्या वर्षी तो करंजखोऱ्यात हजेरीला उभा राहिला आणि म्हणाला, "आमच्या राज्यात एकही भिंत पडत नाही."

दौलू सवयीने उठला. "पडंल कशी? तुझ्या राज्यात भिंत बांधलीच कुठंय? नुसती कनात हाय."

लोक हसले. केरबाने हसू ओसरू दिले नाही. आदल्या दुपारी पारावर बसून त्याने गावाची खबर घेतली होती. दौलूचा एकुलता मुलगा भांडून घर सोडून गेला होता आणि त्याचा ठावठिकाणा कोणालाच माहीत नव्हता. केरबा पुढे आला आणि म्हणाला, "दौलूतात्या, गावाची घरं बांधलीस. पण तुझ्या घरात पोरगं का टिकंना? असली कसली तुझी भिंत?"

इतके मोठे हसू त्या कनातीने पूर्वी ऐकले नव्हते. दौलूने तोंड उघडले, पण शब्द आला नाही. तो खाली बसला. उठून गेला असता, तर घाव लागल्याचे दिसले असते. म्हणून खेळ संपेपर्यंत तो तसाच बसून राहिला. हजेरी उजेडात असते. त्याचा चेहरा सर्वांनी पाहिला.

खेळ सुटल्यावर केरबा बापाजवळ आला. त्याला शाबासकी हवी होती. तो म्हणाला, "आबा, असं हसू तुमच्या येळंला आलं हुतं का कधी?"

"न्हाई," हैबती घोगऱ्या आवाजात म्हणाला. मग तो कनातीच्या दोऱ्या सोडवणाऱ्या माणसांकडे वळला. "पर आमच्या येळंला हसणाऱ्यांत दौलू असायचा."

पुढच्या वर्षी करंजखोऱ्यात उत्तर द्यायला कोणी उठले नाही. दुसऱ्या गावीही तेच झाले. सोंगाड्या घरातले उणे काढतो, ही बातमी फडाच्या आधी पोहोचत होती. लोक येत, हसतही. पण ज्याच्याकडे केरबाची नजर जाई, तो मान खाली घाली. राजा बढाया मारी आणि त्या तशाच हवेत विरून जात. आरंभी केरबाला हा आपला दरारा वाटला. नंतर त्याला त्या शांततेची भीती वाटू लागली. बढाई मारून तो थांबे, तेव्हा पूर्वी उत्तर यायचे तिथे आता कनातीचे कापड फडफडलेले ऐकू येई.

मग फडवाल्यालाच सुचेल अशी एक चूक त्याने केली. चुलतभावाला धोतर नेसवून, पागोटे बांधून प्रेक्षकांत बसवले आणि उत्तर देण्याचे काम सांगितले. ठरल्याप्रमाणे भाऊ उठला, ठरलेले बोलला, केरबा ठरल्याप्रमाणे हरला. पण भावाच्या कानामागे कालच्या खेळाचा रंग राहिला होता. शेजारचा माणूस हलकेच म्हणाला, "फडाचाच दिसतोय." कोणी टर उडवली नाही. पाहुणचाराच्या जेवणात मीठ कमी पडले तर माणसे जशी गप्प राहून जेवतात, तसे लोक भिडेखातर हसले. केरबाला ते हसू शिवीपेक्षा लागले.

हैबती थकला होता, तरी करंजखोऱ्याची हजेरी त्याने कधी चुकवली नाही. खेळ सुरू झाला, की तो पडद्याच्या कडेला येऊन बसे आणि डोळे मिटून ऐके. काय ऐकायचे आहे, असे कोणी विचारले तर म्हणे, "काय न्हाई. जुना आवाज हाय एक." तो आवाज आला नाही. पावसाळ्यात फड घरी असताना हैबती वारला.

बापाचे दिवस झाल्यावर केरबा एकटाच करंजखोऱ्याला गेला. दौलू एका घराची भिंत लिंपत होता. केरबा पाया पडला आणि म्हणाला, की यंदा भर हजेरीत, सगळ्या गावासमोर मी तुमची माफी मागतो.

"नको," दौलू म्हणाला. "एकदा माझं घर चारचौघांत काढलंस, तेवढं बास."

त्याने थापी पाण्यात बुडवली. हैबती गेल्याचे त्याच्या कानावर आले होते. थापी चालवतच तो बोलू लागला.

"तुला वाटतं तुझ्या बापाला सुचत नव्हतं? सुचायचं. तोंडापतूर आलेलं मी समोरनं बघायचो. मग तो गिळायचा. वरीसभर मी हेच्या-तेच्या दारात 'व्हय मालक' म्हणत हुबा असतो, पोरा. त्या एका दिशी मी जिंकायचो. घरी गेलो की पोरगं इचारायचं, आज राजाला काय म्हणालास?"

इतके बोलून तो पुन्हा भिंतीकडे वळला. केरबाला आबांचे सारे पराभव एकामागून एक आठवले. ज्याला तो उणीव समजत आला, तीच त्यांची सर्वांत अवघड कला होती. आणि ती शिकवायला आता आबा नव्हते.

त्यानंतर केरबाने पारावर जाऊन खबर घेणे सोडले नाही. फक्त कोणते दुःख चुकूनही बोलायचे नाही, हे कळावे म्हणून तो जाऊ लागला. हजेरीत तो स्वतःवर हसे, बढाई मारी आणि ढोलकी थांबवून उत्तराची वाट पाही. गावामागून गावे गेली. एखादे वर्षी कोठे कोणी बोले, बहुतेक वेळा कोणी बोलत नसे. करंजखोऱ्यात दौलू येऊ लागला होता, पण मागे बसून तो मुकाट्याने खेळ पाही आणि निघून जाई. केरबाने त्याच्याकडे कधी बोट केले नाही. थांबायचे मात्र तो थांबेच.

अशाच एका हजेरीत राजा म्हणाला, "आमच्या बुद्धीला तोड नाही." ढोलकी थांबली. आता पुढे जावे, असे साथीदारांना वाटले. इतक्यात मागून, बसल्या जागेवरूनच, एक बारीक झालेला आवाज आला.

"मग आज राजाला काय सुचंना का?"

उत्तर काही फार चांगले नव्हते. दौलू पूर्वी याहून कितीतरी धारदार बोलत असे. केरबाच्या जिभेवर एकाहून एक सरस टोले येऊन उभे राहिले, आणि ते दौलूला समोरून दिसले असावेत, कारण त्याने नजर हलवली नाही. केरबाने ते सारे गिळले. त्याने तोंड उघडले, मिटले, पुन्हा उघडले आणि तो भर दरबारात मटकन खाली बसला.

आधी एक म्हातारा हसला, मग सारी कनात. दौलूही हसला. त्याच्या पुढच्या रांगेतून एक बाई उठली आणि तिनेही राजाला सुनावले; मग आणखी कोणी. केरबा पुन्हा पुन्हा हरत राहिला. हसू आवरत नव्हते, आणि त्याला एवढेच वाटत होते, की हे आबांच्या कानी पडायला हवे होते.

तात्पर्य: समोरच्याचे तोंड बंद करणारा शब्द कितीही चतुर असला, तरी तो आपल्याला एकटे पाडतो; दुबळ्याला जिंकता यावे म्हणून ओठांवर आलेला शब्द जो गिळतो, त्याच्याशीच लोक मनमोकळे बोलतात.