सुईवाल्यांचा बिल्ला

फार पूर्वी शिरगोणे नावाच्या बंदरात आवडाबाई नावाची एक सुईवाली राहत होती. सुईवाली म्हणजे कपडे शिवणारी नव्हे. पूर्वेकडून आलेल्या एका जहाजावरच्या परक्या वैद्याने तिच्या आजोबांना एक विद्या शिकवली होती. केसासारख्या बारीक सुया अंगावर ठरावीक जागी टोचायच्या, थोडा वेळ तशाच ठेवायच्या आणि हळूच काढून घ्यायच्या. कुणाची आखडलेली कंबर मोकळी व्हायची, कुणाची डोकेदुखी थांबायची. कुणाला काहीच फरक पडायचा नाही. तसे असले की आवडाबाई तोंडावर सांगायची, "बाबा, तुझं दुखणं माझ्या सुईचं नाही. वैद्याकडे जा."

म्हणून लोक तिला मानत. आणि लोक एखाद्याला मानू लागले की त्याची नक्कल करणारे कुठून तरी उगवतातच. पाहता पाहता बंदरात सुईवाल्यांचे पेव फुटले. तेल विकणाऱ्याने सुया घेतल्या, अत्तर विकणाऱ्याने घेतल्या. शिडे शिवणाऱ्या केरोबाने तर शिडाच्याच सुया घासून बारीक केल्या आणि दारात पाट मांडला.

एके दिवशी धाकू तांडेल खांदा धरला म्हणून केरोबाकडे गेला. केरोबाने त्याच्या पाठीत, खांद्याच्या मागे, सुई खोल खुपसली. घरी पोचेपर्यंत धाकूला धाप लागली, ओठ निळे पडले. राजवैद्य नीळकंठशास्त्री धावून आले, त्यांनी पराकाष्ठा केली, म्हणून तो वाचला.

सगळे बंदर हादरले. शास्त्रीबुवा थेट राजा रुद्रसेनाकडे गेले आणि म्हणाले, "महाराज, या सुईवाल्यांना आवरा. राजाचा परवाना असल्याशिवाय कुणी सुई हातात धरता कामा नये."

ही बातमी लागताच सगळे सुईवाले आवडाबाईच्या अंगणात जमले.

"हा शास्त्र्याचा डाव आहे," तेलवाला म्हणाला. "आज परवाना म्हणतील, उद्या बंदी घालतील."

"आपल्याकडे रोगी येतात, ते त्यांच्या डोळ्यांत खुपतं," अत्तरवाला म्हणाला. "आवडाबाई, तुमचा शब्द राजा मानतो. तुम्ही शपथेवर सांगा, की सुईनं कधी कुणाला इजा होत नाही."

आवडाबाई म्हणाली, "होते."

तिने आपल्या खांद्याच्या मागे बोट ठेवले.

"खांद्याच्या मागं फुप्फुस असतं. सुई खोल गेली तर माणूस मरतो. ते सुईला ठाऊक नसतं, हाताला ठाऊक असावं लागतं. तुमच्यापैकी कितीजणांच्या हाताला ठाऊक आहे?"

सगळे एकेक करून उठले. पण जाता जाता अत्तरवाला तेलवाल्याच्या कानाशी कुजबुजला, "ही फितलेली दिसते."

दरबार भरला. शास्त्रीबुवा म्हणाले, "परीक्षा आम्ही वैद्य घेऊ. आम्ही पास केला तोच सुईवाला."

आवडाबाई उठली. "महाराज, परीक्षा हवीच. पण शास्त्रीबुवांनी जन्मात सुई धरली नाही. ते सगळ्यांना नापास करतील आणि आमची विद्याच बुडवतील."

"आणि परीक्षा बाईंच्या हाती दिली," शास्त्रीबुवा म्हणाले, "तर त्या आपल्या सगळ्या गोतावळ्याला पास करतील."

राजा हसला. तो संशयी स्वभावाचा होता आणि त्याला याची लाजही नव्हती. "मला वाटतं, तुम्ही दोघंही खरं बोलताय," तो म्हणाला. "तेव्हा परीक्षा दोघांनी मिळून घ्या. दोघांना पटलं तरच त्या माणसाला तांब्याचा बिल्ला मिळेल. बिल्ला नाही त्यानं सुई धरायची नाही."

तसा हुकूम सुटला. राजवैद्यांच्या ओसरीवर परीक्षा सुरू झाल्या. शास्त्रीबुवा शरीराची माहिती विचारत, आवडाबाई हात पाही. पण खरे लक्ष दोघांचे एकमेकांकडेच असे. ही आपल्या माणसाला सोपा प्रश्न तर विचारत नाही? हा चांगल्या माणसाला मुद्दाम अडवत तर नाही? डोळ्यात तेल घालून दोघे एकमेकांवर पहारा ठेवत. त्यामुळे परीक्षा मात्र चोख होत गेली. केरोबाला फुप्फुस कुठे असते ते दाखवायला सांगितले, तर त्याने बेंबीवर बोट ठेवले. त्याला बिल्ला मिळाला नाही. तो पुटपुटत परत शिडे शिवायला गेला. तेलवाला आणि अत्तरवाला तर परीक्षेलाच आले नाहीत.

ज्यांना बिल्ला मिळाला ते खरोखरच चांगले होते. लोक निर्धास्त झाले. पूर्वी सुया टोचून घेण्याआधी माणूस दहा ठिकाणी चौकशी करायचा. टोचणाऱ्याचा हात बघायचा, सुया धुतल्या का ते बघायचा, घाबरायचा. आता तो गळ्यातला बिल्ला बघायचा आणि डोळे मिटून पालथा पडायचा.

वर्षे गेली. रोज समोरासमोर बसून शास्त्रीबुवांचा आणि आवडाबाईचा राग ओसरला. शास्त्रीबुवांकडून कोकमाचे सरबत येऊ लागले. आवडाबाईकडून फणसाच्या वाळवलेल्या साठांची घडी जाऊ लागली. बंदरातले लोक म्हणाले, "बरं झालं, दोघांचं जमलं." खरे तर लोकांनी त्याच दिवशी कान टवकारायला हवे होते.

कारण पुढच्या खेपेला शास्त्रीबुवांचा पुतण्या वामन परीक्षेला बसला. वामनचा हात जड होता. आवडाबाईने एकदा पाहिले आणि तिला कळले. ती काही बोलणार, तोच शास्त्रीबुवा सरबताचा पेला पुढे करत म्हणाले, "घरचाच मुलगा आहे. शिकेल हळूहळू."

आवडाबाई गप्प राहिली. कारण वामनच्या मागे तिचा मुलगा भागोजी उभा होता. भागोजी गोड बोलणारा होता, पण धसमुसळा. शिकायचा त्याला कंटाळा. त्याची पाळी आली तेव्हा शास्त्रीबुवांनी एकही प्रश्न विचारला नाही. ते म्हणाले, "तुमच्या हाताखाली वाढलेला. याला काय विचारायचं?"

दोघांनाही बिल्ले मिळाले. त्या दिवशी आवडाबाई घरी गेली आणि न जेवताच आडवी झाली. सकाळी उठून तिने स्वतःची समजूत घातली, की मी त्याला जवळ बसवून शिकवीन. पण बिल्ला गळ्यात पडल्यावर भागोजी कशाला शिकतो?

पावसाळा संपून मासळीचा हंगाम भरात आला होता. सगुणा नावाची एक तरणी कोळीण दुपारी बाजारातून परत येताना वाटेतच कोसळली. तिला धाप लागली होती, तोंडातून शब्द फुटत नव्हता. बायकांनी तिला उचलून घरी नेले. तिच्या पाठीवर, खांद्याच्या मागे, सुईची ताजी खूण होती. ती पाहताच एक बाई ओरडली, "केरोबा! हा केरोबाचाच हात!"

कुणी पुरावा विचारला नाही. धाकू तांडेलाचे लोकांना आठवत होतेच. केरोबा चोरून सुया टोचतो, असे कुणीतरी म्हणाले. मी पाहिलंय, असे दुसऱ्याने सांगितले. तिसऱ्याने तर वेळही सांगितली. लोक त्याच्या दारावर चालून गेले, त्याला शिडाच्या कापडातून ओढून काढले आणि फरफटत कोठडीत नेले. "मी नाही, मी नाही," तो ओरडत राहिला. सगुणाचा नवरा पोशा तर कोयता घेऊनच धावला होता. चौघांनी त्याला धरून ठेवले.

त्याच वेळी भागोजी मागच्या दाराने आईसमोर येऊन उभा राहिला.

"आई, ती माझ्याकडे आली होती. मान धरली म्हणाली. मी घाईत होतो."

आवडाबाईने पायात वहाणा सरकवल्या.

"लोक केरोबाचं नाव घेताहेत," भागोजी म्हणाला. "तू काही बोलू नको. एवढंच कर."

आवडाबाई तडक सगुणाच्या घरी गेली. शास्त्रीबुवा तिच्या उशाशी बसले होते. त्यांनी औषध दिले होते, तिला उशा लावून बसते केले होते. ते बाहेर आले, तेव्हा आवडाबाईने त्यांना सगळे सांगितले.

शास्त्रीबुवांनी तिला अंगणाच्या कडेला नेले. मग हलक्या आवाजात म्हणाले, "बाई, हे बाहेर फुटलं तर तुमच्या मुलाचाच बिल्ला जाईल असं नाही. वामनचा जाईल, तुमची-माझी अब्रू जाईल, परवान्यावरचा विश्वासच जाईल. केरोबा काही साव नाही. त्यानं एकाला मारतच आणलं होतं की."

"आणि सगुणा उद्या बोलली तर?"

"बोलेलच असं नाही," शास्त्रीबुवा म्हणाले.

आवडाबाईने त्यांच्याकडे नीट पाहिले. कितीतरी दिवसांनी ती त्यांच्याकडे पहिल्या दिवसाच्या नजरेने पाहत होती. मग तिच्या मनात आले, की आपण स्वतःकडे तर त्या नजरेने कधीच पाहिले नाही.

दुसऱ्या दिवशी केरोबाला दरबारात उभे केले. लोक ओरडत होते, "याची बोटं तोडा!" राजाने हात वर करून सगळ्यांना गप्प केले आणि विचारले, "कुणाला काही सांगायचंय?"

आवडाबाई पुढे आली. भागोजीने तिचा पदर धरला. तिने तो सोडवून घेतला.

"महाराज, सगुणाला सुई माझ्या मुलानं टोचली. त्याच्या गळ्यात तुमचा बिल्ला आहे. तो बिल्ला त्याला मी दिला. त्याचा हात तयार नाही हे ठाऊक असून दिला."

पोशाची नजर केरोबावरून भागोजीवर वळली.

राजाने विचारले, "बिल्ल्याला दोघांची संमती लागते. दुसरी कुणाची होती?"

शास्त्रीबुवांनी मान खाली घातली.

राजाने केरोबाच्या हातातली बेडी काढायला सांगितली. केरोबाने मनगट चोळले. तो काही शहाणा माणूस नव्हता, पण त्या दिवशी एक वाक्य बोलला. "महाराज, माझ्यावर संशय घेतला, त्याचं मला वाईट वाटत नाही. मी तसा वागलो होतो. पण यांच्यातल्या एकालाही बिल्लेवाल्यांचा संशय कसा आला नाही?"



देवाच्या कृपेने आणि शास्त्रीबुवांच्या औषधाने सगुणा वाचली. मात्र पुन्हा कधी तिला डोक्यावर मासळीची पाटी घेता आली नाही. भागोजीचा आणि वामनचा बिल्ला काढून घेतला. सगुणाच्या घरची पाटी भागोजीने वाहायची, असा राजाने हुकूम केला. पहिल्या दिवशी पोशाने त्याला दारातूनच हाकलले. भागोजी दुसऱ्या दिवशी परत गेला. तेव्हाही पोशा त्याच्याशी बोलला नाही, पण पाटी मात्र त्याच्यापुढे सरकवली.

काही सुईवाले म्हणाले, "परवान्यानं काय साधलं? उठवा तो." काही वैद्य म्हणाले, "सुयाच बंद करा." राजाने दोन्हींकडे संशयाने पाहिले आणि दोन्ही नाकारले. "बिल्ला राहील," तो म्हणाला. "परीक्षा शास्त्रीबुवा आणि आवडाबाईच घेतील, पण यापुढे ओसरीवर नाही. भर धक्क्यावर, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत होईल. ज्याला शंका असेल त्यानं तिथंच विचारावं. आणि ज्यांना बिल्ले मिळालेत त्यांचीही परीक्षा दर वर्षी होईल."

ठरल्या दिवशी धक्क्यावर तोबा गर्दी झाली. होड्यांवर, दोरखंडांच्या वेटोळ्यांवर माणसे बसली होती. राजाने विचारले, "प्रथम कोण?"

सगळे बिल्लेवाले एकमेकांकडे पाहू लागले. तेव्हा आवडाबाई उठली आणि परीक्षार्थीच्या पाटावर जाऊन बसली.

"बाई, तुमची कसली परीक्षा?" गर्दीतून कुणीतरी म्हणाले.

"माझी कधी झालीच नाही, बिल्ला तसाच मिळाला," ती म्हणाली.

शास्त्रीबुवांनी प्रश्न विचारले. तिने सगळी उत्तरे बरोबर दिली. मग समोर एक खलाशी हात पुढे करून बसला आणि आवडाबाईने सुई उचलली. उन्हात सुई चमकली. सुईचे टोक थरथरत होते. ती थांबली, श्वास घेतला, पुन्हा हात पुढे केला. टोक तसेच थरथरत राहिले. समोरच्या होडीतल्या लहान पोरालाही ते दिसले. इतकी वर्षे लोक तिच्याकडे डोळे मिटून येत होते, म्हणून कुणाला दिसले नव्हते. कदाचित तिलाही नाही.

तिने सुई खाली ठेवली. गळ्यातला बिल्ला काढला आणि शास्त्रीबुवांच्या हातात दिला.

"लिहा," ती म्हणाली, "नापास."

शास्त्रीबुवांचे डोळे भरून आले. पण या वेळी ते "घरचंच माणूस आहे" असे म्हणाले नाहीत. त्यांनी तसे लिहिले.

तात्पर्य: परवाना हवाच, पण परवाना पाहून डोळे मिटू नयेत, आणि जो दुसऱ्यांची परीक्षा घेतो, त्याची परीक्षा सगळ्यांत आधी व्हावी.