केलं आणि झालं

"ज्या माणसाला स्वतःचं बोट सांभाळता आलं नाही, तो मला काय शिकवणार?"

प्रभाकरपंत निमकरांनी हा प्रश्न बायकोला विचारला, आणि तोही हैबती सुताराच्या देखत. हैबती गॅरेजच्या दारात उभा होता. सत्तरीचा, काटकुळा माणूस. डाव्या हाताची तर्जनी निम्मीच.

"तुमची दहाच्या दहा आहेत ना?" कुमुदताई म्हणाल्या. "मग तुम्हाला काय येतं?"

पंतांनी खांद्यावरचं उपरणं सारखं केलं. घरात असं रोज एकदा तरी व्हायचं.

आता पंत म्हणजे काही साधी असामी नव्हे. तीन धरणं बांधलेला इंजिनिअर. निवृत्त झाल्यावर माणसं भाजी आणायला लागतात, पंतांनी करवतीचं मशीन आणलं. लोखंडी टेबल, मधोमध फटीतून वर आलेलं गोल दातेरी पातं, आणि पुढे लाल बटण. लेकीला मुलगी झाली होती. बारशाला पंधरा दिवस होते. पंतांनी साऱ्या गोतावळ्याला फोन करून सांगून टाकलं होतं, "नात निजेल ती माझ्या हातच्या पाळण्यात!"

त्यावर पुण्याचा मेहुणा अच्युतराव हसला होता. "करा हो भाऊजी. पण मी आपला एक तयार पाळणा गाडीत टाकून आणतो. प्लॅस्टिकचा आहे, बटण दाबलं की अंगाई म्हणतो."

ती अंगाई पंतांच्या काळजात घुसली होती. आपली नात, आणि अच्युतच्या प्लॅस्टिकमध्ये? छे, छे!

पण घोडं अडलं होतं किल्लीपाशी. त्या मशीनच्या बटणात एक पिवळी किल्ली असते. ती काढून घेतली की मशीन म्हणजे नुसतं टेबल. आणि ती किल्ली कुमुदताईंनी काढून मिसळणाच्या डब्यात, मोहरीच्या वाटीत पुरून ठेवली होती.

"रोज शिकवणीपुरती ह्या हैबतीनानांच्या हातात देईन," त्यांनी बजावलं. "तुमच्या हातात द्यायची ती नाना 'द्या' म्हणतील तेव्हा."

हैबती आत आला.

"अरे अरे, बूट काढ," पंत ओरडले. "मशीनची पूजा केलीय मी."

खरंच केली होती. पात्याला हळदकुंकू होतं, बटणाला झेंडूची माळ. पंत स्वतः अनवाणी.

हैबतीनं बूट काढले नाहीत. त्यानं माळ उतरवली.

"खाली पडलेला खिळा पूजा बघत न्हाई, सायेब. तुमीच बूट घाला."

पंतांनी मुकाट बूट घातले. मग त्यांनी ताट पुढे केलं. ताटात नारळ, पेढे आणि लाल दोरा.

"हैबती, मी विद्या फुकट घेत नाही. आजवर चार गुरू केले. रीतसर गंडा बांध, मग सुरू करू."

हैबतीनं ताटाकडे पाहिलं. मग पंतांकडे पाहिलं, वरपासून खालपर्यंत.

"मनगटावर काय हाय?"

"गंडा. तबल्याच्या गुरुजींनी बांधला. तीस वर्षं झाली."

"काडा."

"काय?"

"गळ्यात?"

"रुद्राक्ष. योगाच्या गुरूंनी दिलाय."

"काडा. बोटात?"

"पुष्कराज. माझा गुरू नीचेचा आहे. ग्रह म्हणतोय मी. ज्योतिषी गुरूंनी सांगितलं, ही काढायची नाही."

"काडा. आन् खांद्यावरचं त्ये उपरणं?"

पंत आता चिडले. "कीर्तनकार बुवांचं आहे ते! अरे, हे सगळं गुरूंनी दिलेलं आहे."

"त्येच म्हनतो. पात्याला गुरू-बिरू कळत न्हाई. लोंबतंय येवढंच कळतं. दोरा घावला की हात त्येच्या मागनं जातो."

पंतांनी एकेक उतरवून ताटात ठेवलं. पुष्कराजाला साबण लावावा लागला. शेवटी बनियन, पायजमा आणि बूट एवढेच पंत उरले.

"बरं, आता तू तरी बांध," ते ताटातल्या लाल दोऱ्याकडे बोट दाखवून म्हणाले.

हैबतीनं पेढा उचलून तोंडात टाकला.

"आमच्यात गंडा बांधत न्हाईत, सायेब. सोडत्यात."

पहिला दिवस तिथेच संपला.

दुसऱ्या दिवशी हैबतीनं विचारलं, "पात्यावरचं झाकन कुठाय?"

"खोक्यात आहे. त्यानं नीट दिसत नाही, म्हणून मी लावलंच नाही."

"लावा."

झाकण लावण्यात सकाळ गेली. आधी हैबतीनं प्लग उपसून स्वतःच्या खिशात घातला, म्हणजे वायरचं टोक खिशात आणि वायर मागे शेपटीसारखी. तसाच तो खुर्चीत बसून राहिला आणि पंतांनी स्क्रू पिळले.

तिसऱ्या दिवशी डोळ्यांवर चष्मा आणि लाकडाच्या रेषेत उभं न राहता बाजूला सरून उभं राहणं, एवढंच झालं. "लाकूड कधीमधी लाथ मारतं," हैबती म्हणाला. "गाईच्या मागं हुबं ऱ्हाता का? मग?"

चौथ्या दिवशी पंतांचा धीर सुटला.

"हैबती, बारशाला अकरा दिवस राहिले. तू मला कापायला कधी शिकवणार?"

"कापाय काय शिकायचं? कापाय त्येला येतंय. तुमी बंद कराय शिका."

"बंद करायला? लाल बटण दाबलं की झालं! पोरसुद्धा करेल."

"मग करा."

हैबतीनं किल्ली घातली. पात्यानं भुंकल्यासारखा आवाज केला आणि गॅरेज थरथरायला लागलं. पंतांनी ऐटीत पुढे होऊन लाल बटण दाबलं. आवाज उतरला.

"बंद केलं!"

"झालं का?"

"केलं की!"

"केलं न्हाई इचारलं. झालं का?"

"अरे, केलं म्हणजे झालंच ना! मराठी कळतं का तुला?" पंत म्हणाले. पात्याशेजारी लाकडाची एक ढलपी पडली होती, ती झटकायला त्यांनी सहज हात पुढे केला.

सट्!

हैबतीनं हातातल्या काठीनं पंतांच्या मनगटावर सणसणीत तडाखा दिला होता. तीन धरणं बांधलेला हात झिणझिणत छातीशी आला.

"मारतोस? मला?"

दाराकडे तोंड करून हैबतीनं हाक मारली, "वैनी, येक गाजर द्या."

कोशिंबिरीसाठी धुतलेलं गाजर घेऊन कुमुदताई आल्या. नवऱ्याचा लाल हात त्यांनी पाहिला. बरं वाटल्यासारखा त्यांचा चेहरा झाला.

हैबतीनं मशीन पुन्हा सुरू केलं, लाल बटण दाबलं. आवाज उतरला... गेला... शांत. अंगणातल्या साळुंक्या ऐकू यायला लागल्या.

"बंद केलं?" त्यानं विचारलं.

"केलं," पंत म्हणाले.

हैबतीनं गाजर टेबलावर ठेवलं. हातातली लाकूड ढकलायची काठी हातभर लांब होती, पुढे खाच पाडलेली. त्या खाचेत गाजराचं बूड धरून त्यानं ते लांबूनच हळूच पुढे ढकललं, झाकणाखालच्या मुक्या पात्याकडे.

टक्.

एवढाच आवाज. गाजराचं टोक भिंतीवर जाऊन आपटलं आणि पंतांच्या बुटापाशी येऊन पडलं. बरोब्बर पेराएवढं होतं.

पंत त्या तुकड्याकडे बघत राहिले. मग त्यांनी स्वतःच्या उजव्या हाताकडे पाहिलं. या हातानं नातीला अजून नीट उचललंसुद्धा नव्हतं.

पातं अजून फिरत होतं. आता जरा दात दिसायला लागले होते. मग ते थांबलं.

"आता झालं," हैबती म्हणाला.

पंतांनी वाकून गाजराचा तो तुकडा उचलला.

"नाना..." पंतांनी विचारलं. हैबतीला ते पहिल्यांदाच नाना म्हणत होते. "तुमचं ते बोट..."

हैबतीनं अर्धी तर्जनी वर केली.

"ह्ये? ह्ये 'केलं' आन् 'झालं'च्या मदी गेलं."

त्या दिवशी जेवणात पंतांनी कोशिंबीर खाल्ली नाही. कुमुदताईंनी दोनदा आग्रह केला. दुसऱ्यांदा जरा जास्तच हसून केला.

मग शिकवणीला वेग आला म्हणावं तर तसं नाही. उलट पंतच हळू झाले. एक पट्टी कापायची, बटण दाबायचं आणि हात मागे बांधून उभं राहायचं. पात्याकडे बघत राहायचं. आवाज गेला तरी बघत राहायचं. मग स्वतःशीच पुटपुटायचं, "झालं." मगच काठीनं ढलपी झटकायची. हैबती खुर्चीत बसून विडी न पेटवता तोंडात धरायचा, कारण खाली भुसा. रोज उठताना किल्ली काढून कुमुदताईंच्या हातात देऊन जायचा. ती पुन्हा मोहरीत जायची. पंत तिच्याकडे बघायचे. मागायचे मात्र नाहीत.

एकदाच त्यांनी विचारलं, "नाना, मी शिकलो का हो?"

हैबती म्हणाला, "बघू."

बारशाचा दिवस उजाडला. अच्युतराव जरा उशिरानंच गाडीतून खोकं घेऊन उतरले. खोक्यावर हसऱ्या बाळाचं चित्र होतं. ते डौलात आत निघाले आणि ओसरीवरच थबकले.

आढ्याच्या कडीला सागवानी पाळणा टांगला होता. चारी बाजूंनी गोल कडांच्या पट्ट्या, कुठे कुसळ नाही. एक पट्टी बाकीच्यांपेक्षा सुताएवढी आखूड होती, पण ते ज्याला माहीत त्यालाच कळावं. आत नात झोपली होती. बायांनी 'कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या' म्हटलं होतं, कानात नाव सांगून झालं होतं. घुगऱ्या वाटणं चाललं होतं. खांबाला टेकून हैबती हातातल्या द्रोणातल्या घुगऱ्या एकेक करून खात होता. आज त्याच्या डोक्याला फेटा होता.

अच्युतरावांनी पाळण्यावरून हात फिरवला. वाकून खालून पाहिलं. कुठे तरी दुकानाचा शिक्का सापडावा, असं त्यांना फार वाटत होतं.

"भाऊजी," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "खरं सांगा. हा पाळणा तुम्ही केला?"

ओसरीवरच्या साऱ्या माना वळल्या. पंधरा दिवस पंत ह्याच क्षणाची वाट बघत होते. उत्तरही पाठ होतं. व्याह्यांसमोर, मेहुण्यासमोर, छाती काढून म्हणायचं ते उत्तर.

पंतांनी तोंड उघडलं.

त्यांची नजर पाळण्यावर गेली. मग स्वतःच्या हातांवर. दहा बोटं होती, मोजायची गरज नव्हती, तरी मोजली गेली. मग खांबापाशी, द्रोण धरलेल्या साडेनऊ बोटांवर.

"केला..." ते म्हणाले.

आणि थांबले. हात आपोआप मागे गेले, एकमेकांत अडकले. पंत पाळण्याकडे बघत राहिले. पाळणा कुणी तरी नुकताच हलवला होता. तो मागेपुढे होत होता... हळू झाला... आणखी हळू... स्थिर झाला.

"झाला," पंत म्हणाले.

अच्युतरावांना काही कळेना. "म्हणजे? तुम्ही केला की नाही?"

पंत नुसते हसले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी मेहुण्याला अर्ध्यात सोडलं.

हैबतीनं द्रोणातली शेवटची घुगरी तोंडात टाकली, धोतराला हात पुसला आणि माजघराच्या दाराकडे बघून म्हणाला,

"वैनी, सायबास्नी किल्ली द्या."